पिवळी बंडी

एकदा एका पेठेतल्या तालमीच्या दारात एक व्यापारी मोटारीतून उतरला, तिथल्या वृद्ध वस्तादांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमचा एक मुलगा मला द्या." मुलीच्या बापाने स्थळ घेऊन यावे तसा त्याचा सूर होता, पण त्याला जावई नको होता, फुटबॉलपटू हवा होता.

ज्या नगराची ही कथा आहे तिथे प्रत्येक पेठेची एक तालीम असते आणि प्रत्येक तालमीचा एक फुटबॉल संघ असतो. आत कुस्तीचा लाल मातीचा हौदा आणि त्याच हौद्याच्या कठड्यावर वाळत घातलेले फुटबॉलचे बूट, हे तिथे कोणालाही विचित्र वाटत नाही. वस्ताद मूळचे मल्ल. हाताला बंदी असलेला खेळ हा त्यांच्या मते अर्धाच खेळ होता. पण पोरगं समोर उभं राहिलं की त्याच्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांच्या ध्यानात येई. म्हणून पेठेतले खेळाडू मैदानावर जाण्यापूर्वी त्यांच्या पाया पडत आणि हरून आले की त्यांच्यापासून तोंड लपवत.

व्यापाऱ्याला हवा होता तो धैर्यशील. पेठ त्याला धैर्या म्हणे. वय सतरा, बाप ओतकामाच्या कारखान्यात साचे भरणारा, आणि मुलाच्या पायात असे काही की शेजारच्या पेठेतले लोकसुद्धा त्याच्यासाठी तिकीट काढून येत. त्याची एक लकब होती. बॉल घेऊन भरधाव जाता जाता तो मधेच थांबे. तळवा बॉलवर ठेवून नुसता उभा राही. समोरचा बॅक गोंधळून जाई. पुढे यावे की मागे सरावे हे त्याला ठरवता येईना, आणि त्याचा तोल ज्या क्षणी चुके त्या क्षणी धैर्या निघालेला असे. पायऱ्यांवरचे म्हातारे आधी ओरडत, "आरं पास दे की," आणि मग स्वतःच्याच ओरडण्यावर हसत. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याला दुसरीही एक कला होती, आणि तिचे कोणी फारसे कौतुक करत नसे. तो नकला उत्तम करी. वस्तादांची चाल, पंचांची शिट्टी फुंकताना फुगणारी मान, विरुद्ध संघाच्या फॉरवर्डचे लंगडत धावणे, सारे तो कट्ट्यावर करून दाखवी आणि पोरे हसून लोळत.

व्यापाऱ्याचा धंदा पोलादाचा आणि हौस फुटबॉलची. दूरच्या मोठ्या शहरात त्याचा व्यावसायिक संघ होता. त्याने सारे स्वच्छ सांगितले. मुलगा त्यांच्याकडे राहील, चांगले खाईल, हिरव्या गवतावर सराव करील, परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली घडेल, दरमहा पगार मिळेल, दुखापत झाली तर डॉक्टर संघाचा. व्यापारी वाईट माणूस नव्हता आणि यातला एकही शब्द त्याने पुढे मोडला नाही, हे मी आताच सांगून ठेवतो. नाहीतर आपल्याला कथेत एक दुष्ट माणूस लागतोच, तो मिळाला की आपण निर्धास्त होतो.

वस्तादांनी एवढेच विचारले, की तिथे याला लढती किती मिळणार. व्यापारी हसला. म्हणाला, आधी घडू तर द्या, लढती काय, मिळतीलच. वस्ताद गप्प झाले. पेठेला तेवढा वेळही नव्हता, कारण हलगीवाले येऊन उभे होते. धैर्याला फेटा बांधला, गुलाल उधळला, उघड्या जीपमधून मिरवला. पेठेच्या चौकात त्याचा फलक लागला आणि त्यात त्याच्या फोटोपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा होता. बाप त्या गर्दीत कोपऱ्यात उभा राहून रडला. होतकरू मुलाच्या नशिबी हा एक दिवस फार लवकर येतो. पुष्कळदा त्यानंतर तसा दिवस येत नाही, पण हे त्या दिवशी त्याच्या कानात सांगायला कोणी धजत नाही.

शहरात गेल्यावर पहिले काही आठवडे धैर्यशील दबून होता. तिथला प्रत्येक जण आपापल्या गावाचा धैर्याच होता. प्रत्येकाने फेटा बांधला होता. पण सराव चांगला चालला होता, आणि मग एके दिवशी असे घडले की त्याचे दैव उघडले असे त्याला वाटले.

संघाची पद्धत अशी होती, की ज्या संघाशी सामना असे त्याच्या खेळाची चित्रफीत आधी सर्वांना दाखवीत. मग सरावात राखीव खेळाडूंना पिवळ्या बंड्या घालून विरुद्ध संघ म्हणून उभे करीत, म्हणजे मुख्य खेळाडूंना त्या लढतीची सवय होई. पद्धत शहाणपणाची आहे, सगळीकडे चालते. त्या आठवड्यात समोरच्या संघात एक फॉरवर्ड फार घातक होता. डावा खांदा आत घालून तो असा वळे की बॅकला कळायच्या आत बॉल जाळ्यात. प्रशिक्षकाने विचारले, याच्यासारखे कोण खेळू शकेल? धैर्यशीलने हात वर केला.

त्याने ती चित्रफीत दोनदा पाहिली होती. मैदानावर उतरल्यावर त्याचा खांदा तसाच आत गेला, मान तशीच झुकली, आणि संघाचे नावाजलेले बॅक त्याच्यामागे धावून धावून घामाघूम झाले. प्रशिक्षक शिट्टी वाजवायची विसरला. पुढे प्रत्यक्ष सामन्यात तो घातक फॉरवर्ड त्याच बॅकांनी खिशात टाकला, कारण त्याच्याशी ते आठवडाभर खेळले होते. संघ जिंकला. प्रशिक्षकाने सर्वांदेखत धैर्यशीलच्या पाठीवर हात ठेवला आणि या विजयात तुझा वाटा मोठा आहे असे सांगितले. हे खोटे नव्हते.

त्यानंतर पिवळी बंडी त्याच्या अंगाला चिकटली. एका आठवड्यात तो उत्तरेकडचा उंच फॉरवर्ड असे, पुढच्या आठवड्यात गोव्याकडचा बुटका, चपळ, दोन्ही पायांनी खेळणारा. त्याला शिकायची आवड होती. तो रात्रंदिवस चित्रफिती पाही, दुसऱ्याचा पाय कसा पडतो, श्वास कुठे घेतो, चिडला की काय करतो, सारे आत्मसात करी. मुख्य खेळाडू त्याला मानू लागले. जेवताना त्याच्यासाठी जागा राखली जाई. सामन्याच्या दिवशी मात्र तो बाकावर बसे किंवा बाकावरही नसे. एकदा प्रशिक्षकाला त्याने धीर करून विचारलेही, मला कधी खेळवणार? प्रशिक्षक म्हणाला, तू रोजच खेळतोस, आणि संघात तुझ्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. धैर्यशीलने हे घरी कळवले आणि बापाने ते पेठभर सांगितले.

असे तीन हंगाम गेले. पेठेतले लोक टीव्हीसमोर बसत, नावे वाचली जात, धैर्याचे नाव येत नसे. कोणी म्हणे दुखापत असेल, कोणी म्हणे राजकारण असेल. आपल्याकडे राजकारण हा शब्द फार कामाचा आहे, त्यात काहीही मावते. एकाच सामन्यात, निकाल जवळजवळ ठरून गेल्यावर, शेवटच्या थोड्या मिनिटांसाठी त्याला आत पाठवले. पेठेने फटाके उडवले. बॉल त्याच्याकडे आला, त्याने तो व्यवस्थित मागे दिला. पुन्हा आला, पुन्हा मागे दिला. चूक काहीच झाली नाही. फटाके वाजवणाऱ्यांना नक्की कशासाठी वाजवायचे ते न कळल्याने ते आपोआप थांबले.

तिसऱ्या हंगामानंतर व्यापाऱ्याच्या संघाने त्याला आणखी तीन वर्षांचा करार देऊ केला. पगार वाढवून. तो आनंदाने गावी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन तालमीत गेला आणि वस्तादांच्या पाया पडून म्हणाला, आशीर्वाद द्या, सही करायची आहे. वस्तादांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. म्हणाले, सकाळी मैदानावर ये, मग बघू. आणि पेठेतही निरोप धाडला, की सकाळी सगळ्यांनी यावे.

धैर्यशीलला वाटले, सत्कार आहे. तो संघाने दिलेले नवे बूट घालून आला. बाप धुतलेला सदरा घालून आला. मैदानावर हलगी नव्हती, हार नव्हता. तालमीच्या संघातले चार साधे बॅक गोलासमोर उभे केलेले होते; एक रिक्षा चालवणारा, एक दुधाचा रतीब घालणारा, दोघे कॉलेजातले. वस्तादांनी मध्यावर बॉल ठेवला आणि म्हणाले,

"हे चौघं हाईत. बॉल घे आन् जा. खेळ."

धैर्यशीलने बॉलकडे पाहिले, त्या चौघांकडे पाहिले आणि अगदी सहज, नम्रपणे विचारले,

"कुणागत खेळू, वस्ताद?"

लोकांना वाटले थट्टा करतो आहे. ते हसले. मागून कोणीतरी एका मोठ्या फॉरवर्डचे नाव घेतले. धैर्यशील निघाला, डावा खांदा आत, मान झुकलेली, आणि चौघांना ओलांडून त्याने गोल केला. टाळ्या पडल्या. दुसरे नाव आले, तो बुटका होऊन, पावले तोकडी टाकत, दोन्ही पायांनी बॉल खेळवत गेला. तिसरे, चौथे. पोरे नाचू लागली. टीव्हीवरची माणसे त्यांच्या मैदानावर उतरली होती. बापाचा चेहरा फुलला. वस्तादांनी हात वर केला तेव्हा कल्ला हळूहळू शमला.

"आता धैर्यागत खेळ," ते म्हणाले.

धैर्यशीलने बॉल घेतला. धावला. रिक्षावाल्याच्या समोर आला आणि उभा राहिला. पूर्वी तो थांबत असे, पण थांबणारा पुढे निघतो. हा नुसता उभा होता. रिक्षावाल्याने थोडी वाट पाहिली, मग संकोचून पाय पुढे केला आणि बॉल काढून घेतला. कोणी हसले नाही. धैर्यशीलने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. त्याचे पाय प्रत्येक वेळी कोणाचे तरी होऊ पाहात आणि तो त्यांना अडवी, आणि अडवल्यावर त्यांच्यात काहीच उरत नसे. लोक इकडेतिकडे पाहू लागले. ज्यांना कामे होती ते कामाला गेले आणि ज्यांना नव्हती त्यांनाही एकाएकी आठवली.

बाप संतापला. त्याने वस्तादांना तोंडावर विचारले, की माझ्या पोराची चारचौघांत शोभा करून तुम्हाला काय मिळाले. धैर्यशीलचा हात धरून वस्ताद त्याला तालमीत घेऊन गेले, हौद्याच्या कठड्यावर बसवले आणि स्वतः शेजारी बसले. मग वस्ताद जे बोलले ते त्यांनी पूर्वी कोणालाही सांगितले नव्हते.

"मी तुझ्या वयाचा हुतो तवा एका जहागीरदाराच्या तालमीत हुतो. तिथं एक नामांकित पैलवान हुता. त्येची कुस्ती ज्याच्याशी लागंल त्येच्यागत मी लढायचं, असं काम. आज ह्येचा ढाक, उद्या त्येचा घिस्सा. खुराक भरपूर. दूध, तूप, बदाम, कशाला कमी न्हाई. वाटायचं, मला घडवायलेत. घडवत हुते त्येला. माझ्या अंगात साऱ्या मुलखाचे डाव हुते पोरा, आन् माझा म्हणून एक न्हवता. तो पैलवान म्हातारा झाला तवा मला शेला-नारळ दिला. फडात उतरलो तर समोरचा मला लढू द्यायचा, आन् मी विचार करत उभा. तू उभा ऱ्हायलास न्हवं आज? तसाच."

धैर्यशीलने मान वर केली नाही. त्याने विचारले, मग मी निघालो तेव्हा हे का सांगितले नाही?

वस्तादांनी कठड्यावरची माती बोटाने खरवडली. "मला वाटलं, फुटबॉलात तसं नसंल. अकरा जण खेळत्यात, म्हटलं एकाची तर जागा निघंल. आन् खरं सांगू? तुला फेटा बांधला तवा माझीपण छाती फुगली हुती."

हे ऐकून धैर्यशील रडला. मीही ही कथा सांगताना इथे दर वेळी थोडा अडखळतो, कारण वस्तादांचा मला राग येतो आणि राग धरताही येत नाही. त्यांनी विचारलेला एकच प्रश्न बरोबर होता. उत्तर मिळाले नाही तेव्हा त्यांनी जीप अडवायला हवी होती. पण गुलाल उडत असताना जीप अडवणारा म्हातारा तुम्ही कुठे पाहिला आहे?

धैर्यशीलने सही केली नाही. घरात महिनाभर अबोला होता. बापाचे म्हणणे साधे होते आणि चुकीचे नव्हते: पगार आहे, डॉक्टर आहे, मान आहे, आणखी काय हवे? साचे भरून भरून त्याची फुप्फुसे काळी झाली होती आणि मुलाने तिथे येऊ नये एवढीच त्याची इच्छा होती. मुलगा तिथेच गेला, त्याच कारखान्यात. व्यापाऱ्याच्या संघाने कळवले, की आम्हाला वाईट वाटते. ते खरेच वाटले असावे. पिवळी बंडी त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात गेली. असे हात वर करणारे मुलगे देशात पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाच्या गावात फलक लागलेला आहे.

हंगाम सुरू झाला तेव्हा स्वतःच्या पेठेच्या संघाने धैर्यशीलला घेतले नाही. ज्यांनी ती सकाळ पाहिली होती त्यांनी कानाडोळा केला. शेवटी सगळ्यांत तळाच्या संघाने घेतले. त्यांना खेळाडूच मिळत नसत, आणि मोठ्या संघात राहून आलेला हे नाव तरी होते. तो संघ हरत राहिला आणि धैर्यशील त्यांच्याबरोबर हरत राहिला. कारखान्यातून सुटून, हातावरची काळी भुकटी तशीच घेऊन तो मैदानावर येई. सुरुवातीला बॉल मिळाला की त्याचे पाय दुसऱ्यांचे होत आणि कधी त्यातून गोलही होई. लोक टाळ्या वाजवत, तो मान खाली घाली. पुढे पुढे तो तसे करीनासा झाला. मग तर त्याला काहीच येईना. लोकांनी त्याला नावे ठेवली, पोरांनी बाटल्या फेकल्या. वस्ताद दर सामन्याला पायरीवर येऊन बसत आणि सामना संपला की काही न बोलता घरी जात. हा उपाय आहे की शिक्षा, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

हंगामाच्या शेवटी एका सामन्यात बॉल धैर्यशीलकडे आला. समोर बॅक एकच, मागे गोलरक्षक गोंधळलेला. कोणीही तिथे सरळ गेला असता. धैर्यशीलने काय केले कोण जाणे. तो बॉलला पाठमोरा झाला, टाचेने तो वर उडवला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि इतक्या अवेळी लाथ मारली की बॉल गोलापासून लांब, कुंपणापलीकडे, रस्त्यावरच्या रसवंतीच्या मांडवात जाऊन पडला. तो स्वतः उताणा पडला. मैदान हसले, मग शिव्या सुरू झाल्या. त्याच्याच संघाचा कप्तान डोक्याला हात लावून उभा राहिला. संघ हरला.

सामना संपल्यावर धैर्यशील वस्तादांशेजारी येऊन बसला. त्याच्या कानात माती गेली होती, ती तो झटकत होता.

"चुकलं, वस्ताद," तो म्हणाला. "असलं कुणीच करत न्हाई."

"न्हाईच करत," वस्ताद म्हणाले.

धैर्यशील कान झटकायचा थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याला आता ऐकू आले होते. त्याने वस्तादांकडे पाहिले. म्हातारा मैदानाकडे पाहात होता आणि त्याचा चेहरा ना आनंदाचा होता ना दुःखाचा. मैदानावर दुसऱ्या सामन्याची पोरे उतरली होती, आणि पायऱ्यांवर संघांसाठी मुले हेरणारे दोन पाहुणे येऊन बसले होते. त्यांतल्या एकाने धैर्यशीलकडे बोट करून शेजारी बसलेल्या प्रेक्षकाला त्याचे वय विचारले, आणि एकवीस असे उत्तर मिळताच पुन्हा मैदानाकडे तोंड केले.